मुरलीकांत पेटकर यांना म्युनिक ऑलिम्पिकचे सुवर्णपदक आणि 1972 चा अर्जुन पुरस्कार मिळाला होता का?

मुलाच्या शाळेतील भाषणात ही दोन वाक्ये घालावीत का, आणि पेटकर मुष्टियोद्धे होते की जलतरणपटू, असे आपण विचारले आहे. दोन्ही वाक्ये चुकीची आहेत, ती घालू नयेत. पेटकर आधी मुष्टियोद्धे होते, पण सुवर्णपदक त्यांनी 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत, पोहण्यात जिंकले.

याच प्रश्नावरून माझ्या मनात एक सल आहे. पद्मश्री जाहीर झाली त्या वर्षी, म्हणजे 2018 च्या डिसेंबरात, वाळवा तालुक्यातील एका शाळेत सामान्यज्ञान स्पर्धेच्या गुणलेखनाला मी बसलो होतो. 'पेठच्या मुरलीकांत पेटकरांनी सुवर्णपदक कोठे जिंकले?' या प्रश्नाला आठवीतील एका मुलीने उभे राहून, बाकाची कड घट्ट धरून, 'हायडेलबर्ग' असे स्पष्ट उत्तर दिले. परीक्षकांच्या हातातील कार्डावर टंकलिखित 'म्युनिक' होते. त्यांनी मान हलवली आणि मी फळ्यावर तिच्या गटापुढे शून्य लिहिले. तो गट पाच गुणांनी दुसरा आला. चहाच्या वेळी मी विषय काढला, तेव्हा परीक्षक म्हणाले, "दोन्ही गावे जर्मनीतलीच ना? आणि अपंगांची स्पर्धा असे वेगळे कशाला सांगायचे, सोने ते सोने." मी त्या वेळी पुढे बोललो नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

ते वेगळे सांगितलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. सैन्याच्या ईएमई (विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांच्या) दलातील हा जवान मुळात मुष्टियोद्धा होता. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले आणि त्यानंतर त्यांनी पाण्यात उतरून 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पार केले. हा त्यांच्या अपंगत्वाच्या गटातील जागतिक विक्रम होता आणि पॅरालिम्पिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदकही तेच. ते म्युनिकच्या खात्यावर टाकले, की त्या गोळ्यांचा आणि पुढच्या सरावाचा उल्लेखच निघून जातो. ज्याला हे पदक मोठे करून दाखवण्यासाठी ऑलिम्पिकचे नाव लागते, तो ते लहानच समजत असतो. 1972 ची पॅरालिम्पिक स्पर्धा म्युनिकमध्ये होऊ शकली नाही, कारण तेथील क्रीडाग्रामाच्या इमारती सदनिका म्हणून देण्याचे ठरले होते. म्हणून ती ऑगस्टच्या सुरुवातीला हायडेलबर्गला भरली. म्युनिकचे ऑलिम्पिक 26 ऑगस्टला सुरू झाले, तेव्हा पेटकरांचे पदक जिंकून झालेले होते.

पुरस्कारांचा क्रम लोक नेहमी उलटा लावतात, कारण आधी अर्जुन आणि मग पद्म अशी आपली सवय आहे. पेटकरांच्या बाबतीत पद्मश्री 2018 ची आहे, आणि अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव गटातील, 2024 सालचा असून जानेवारी 2025 मध्ये प्रदान झाला. त्याच यादीत आपल्याच सांगली जिल्ह्यातील, आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी होते. त्यांचे पदक 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमधील गोळाफेकीचे रौप्य आहे. या दोघांच्या नोंदी एकमेकांत मिसळलेल्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे मुलाला नावासमोर खेळही लिहायला सांगावे. वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण भारताला प्रथम 2008 मध्ये अभिनव बिंद्रा यांनी मिळवून दिले, हेही त्याला ठाऊक असावे, म्हणजे कोणी 'पहिले सुवर्ण' यावरून अडवले तर त्याला उत्तर देता येईल.

एक खुलासा करायला हवा. 1972 मध्ये 'पॅरालिम्पिक' हे अधिकृत नाव रूढ नव्हते, त्यामुळे जुन्या कात्रणात दुसरे नाव आढळले तर ते खोटे समजू नये. 'म्युनिक' मात्र कोणत्याही कार्डावर चूकच आहे, आणि त्या मुलीचे गुण तिला मिळायला हवे होते.