सासूबाईंचा पलंग सरकतो

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही नाशिकमध्येच नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. जुन्या घरात मोझॅक होतं, इथे सगळीकडे दोन बाय दोनच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. सासूबाई ७८ वर्षांच्या. त्यांचा सागवानी सिंगल पलंग जुन्या घरात कधी हलला नाही, पण आता त्या हात टेकून उठायला गेल्या की मागे सरकतो. परवा चार बोटं सरकला आणि त्या धप्पकन खाली बसता बसता वाचल्या. दुकानदाराने पायांना लावायला फेल्टच्या गोल चकत्या दिल्या, तर त्या लावल्यापासून जास्तच सरकतोय. हे स्वतः पलंगावर बसले आणि मुलाला ढकलायला सांगितलं, तेव्हा मात्र जागचा हलला नाही. म्हणून घरात माझं कुणाला पटत नाही. काय करू?
एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, तुमचं बरोबर आहे आणि यजमानांनी केलेली परीक्षाही खोटी नाही. फक्त ती चुकीच्या क्षणी झाली. माणूस बसलेला असताना त्याचं जवळपास सगळं वजन पलंगावर असतं, आणि पलंगाचे पाय फरशीला किती घट्ट धरतात हे त्या वजनावर ठरतं. सासूबाई उठतात तेव्हा त्यांचं वजन पलंगावरून निघून त्यांच्या पायांवर जात असतं. म्हणजे पलंग हलका होतो आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या हातांचा रेटा मागच्या बाजूला बसतो. घरच्यांना पटवायचं असेल तर पलंग रिकामा ठेवा, कडेच्या लाकडावर दोन्ही तळवे टेकवा आणि खाली-मागे असं तिरकं दाबा. सरकतो की नाही ते सगळ्यांना दिसेल.

मी हे इतकं कळकळीने लिहितोय त्याला कारण आहे. २००९ साली आम्ही पुण्यातल्या वाड्यातून फ्लॅटमध्ये गेलो. वाड्यात शहाबादी फरशी, खरबरीत, वर्षानुवर्षं सामान जिथे ठेवलं तिथेच. नव्या घरासाठी आईचा दिवाण मी स्वतः केला. टिंबर मार्केटमधून लाकूड निवडून आणलं, पाय तासले, पॉलिश केलं, आणि ते पॉलिश पायांच्या तळालाही फिरवलं. तिसऱ्या आठवड्यात पहाटे आई उठायला गेली, दिवाण मागे गेला आणि तिचं मनगट मोडलं. तोवर वीस वर्षं मी सुतारकाम करत होतो, पण पायाचा तळ कधी उलटा करून पाहिला नव्हता. तेव्हापासून कुणाच्याही घरी पलंग पोचवला की आधी त्याचे तळ बघतो.

आता तुमच्या पलंगाचं. आज संध्याकाळच्या आत एक काम करा. सासूबाई ज्या बाजूने उतरतात तिच्या समोरची लांब बाजू भिंतीकडे घ्या. पलंगाला मागे जायला जागाच उरली नाही तर तो जाणार कुठे? बरेच जण चादर खोचायला आणि मच्छरदाणीसाठी चार बोटं फट ठेवतात. ती वर राहू द्या. खाली, भिंतीकडच्या दोन्ही पायांच्या मागे, पाय आणि स्कर्टिंग यांच्या मधल्या मापाचे दोन लाकडी ठोकळे घट्ट बसवा. ठोकळ्याच्या भिंतीकडच्या तोंडाला रबराचा तुकडा लावला की स्कर्टिंगला ओरखडा येत नाही. यासाठी सुतारही लागत नाही, जुन्या चौकटीचा तुकडा घरी पडला असेल तर तोही चालतो.

दुसरं, फेल्टच्या चकत्या काढून टाका. त्या चांगल्याच आहेत, पण खुर्ची ओढताना फरशीवर ओरखडे पडू नयेत आणि ती सहज सरकावी, यासाठी केलेल्या. तुम्हाला हवं त्याच्या अगदी उलट. काढताना गोंद राहिला तर खोबरेल लावून अर्धा तास ठेवा, खरवडा, आणि मग साबणाच्या पाण्याने तेल पूर्ण घालवा. तेलाचा अंश राहिला तर पुढचं रबर धरणार नाही.

तिसरं काम रबराचं. बाजारात चिकट पट्टीचे तयार पॅड मिळतात, पण रोज पोछा लागला की त्यांची कड सुटते आणि मग ते पायाखालून तिरके बाहेर येतात. मी सांगतो ते करून बघा. कोपऱ्यावर चप्पल-बूट दुरुस्त करणारे दादा बसत असतील, त्यांच्याकडे सोलचं रबर असतं. ते जमिनीला धरून राहण्यासाठीच बनवलेलं असतं. पाच-सहा मिलिमीटर जाडीचं, बारीक नक्षीचं घ्या. पायाच्या तळाचं माप कागदावर उतरवून न्या, रापीने ते इतकं नेटकं कापून देतात की आमच्या पटाशीलाही जमणार नाही. पायाच्या तळाचं पॉलिश आधी पॉलिश पेपरने घासून काढा. मग तळ आणि रबर दोन्हीला रबर चिकटवायचं सोल्यूशन लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत सुकू द्या आणि दाबून बसवा. पलंग रात्रभर उलटाच राहू द्या. चारही पायांना एकाच जाडीचं रबर लावायचं, एक-दोन पायांना लावून थांबायचं नाही, नाहीतर पलंग डुगडुगेल.

बरेच जण मला विचारतात, रबर मोठं लावलं तर जास्त धरेल का? साधारणपणे नाही. वीट आडवी ठेवून ओढा किंवा कडेवर उभी करून ओढा, जोर जवळपास सारखाच लागतो. फ्रान्समध्ये आमोंतों या संशोधकाने हे १६९९ मध्येच मांडून ठेवलं आहे. रबराचं थोडं वेगळं असतं, पण पायाबाहेर डोकावणारं रबर सासूबाईंच्या पावलाला अडेल, हे जास्त महत्त्वाचं.

रबर लावूनही पलंग सरकला तर फरशी बघा. टाइलवर अंगठा दाबून पुढे ढकला. किंचित अडखळला, कुरकुरला तर फरशी स्वच्छ. सर्रकन गेला तर तिच्यावर काहीतरी थर आहे. वयस्कर माणसाच्या पलंगाशी तो बहुतेक टाल्कम पावडरचा असतो, अंघोळीनंतर तिथेच बसून पावडर लावायची सवय असते. कधी डोक्याचं तेल, कधी फरशीच्या सुवासिक लिक्विडची साय. आठवड्यातून एकदा पायांखालची आणि आजूबाजूची जागा नुसत्या साध्या पाण्याने पुसून कोरडी करा; तेल सांडलेलं असेल तर आधी साबणाच्या पाण्याने पुसा. आणि पोछा मारल्यावर फरशी सुकेपर्यंत सासूबाईंना उठू देऊ नका. ओल्या गुळगुळीत टाइलवर चांगलं रबरही फसवतं.

एक पाय अधांतरी आहे का तेही पाहा. प्रत्येक पायाखाली जुनं पोस्टकार्ड सरकवून बघा, जिथे ते सहज आत जातं तिथे पाय टेकलेला नाही. त्या पायाच्या रबराखाली त्या फटीइतक्याच जाडीचा आणखी एक रबराचा तुकडा चिकटवा. लाकडाची पाचर ठोकू नका, ती पहिल्या झाडूबरोबर निघते.

उंचीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. कडेवर बसल्यावर पावलं पूर्ण टेकून मांड्या फरशीला समांतर किंवा गुडघ्यांकडे जरा उतरत्या हव्यात. गादी खाली बसली असेल तर गुडघे वर येतात आणि उठायला हातांचा जोर जास्त लागतो. मग कितीही रबर लावा, रेटा वाढतच जातो. आणि जमलं तर उठताना धरायला उतरायच्या बाजूला जवळच्या भिंतीत एक स्टीलची दांडी बसवून घ्या. भिंत सरकत नाही.

प्रश्न : चिपळूणजवळ आमचं घर आहे. पावसाळ्यात फरशीला घाम फुटतो आणि आजोबांची स्टीलची खुर्ची सरकते. पायांना बुश आहेत.

उत्तर : बाहेरची दमट हवा गार फरशीला लागली की पाणी धरतंच, ते थांबवणं कठीण. बुश मात्र काढून बघा. खुर्चीबरोबर येतात ते बहुतेक वेळा कडक प्लास्टिकचे आणि तळाशी सपाट असतात, पाण्यावर ते होडीसारखे चालतात. मेडिकलच्या दुकानात वॉकर आणि काठीचे रबरी बुश मिळतात, तळाला खोल गोल चर असलेले. त्या चरांत पाणी जातं आणि रबर फरशीला लागतं. नळीचं बाहेरचं माप घेऊन जा, सैल बुश उपयोगाचा नाही. चर झिजले की बदला, आणि दरवर्षी जूनच्या आधी एकदा उलटे करून पाहा.

प्रश्न : ठाण्याच्या घरात व्हिनाइल फ्लोअरिंग आहे. सोफ्याखाली काळे रबर लावले होते, तिथे पिवळट-तपकिरी डाग पडले. कशाने जातील?

उत्तर : जाणार नाहीत, वाईट वाटतं सांगताना. तो मळ नाही. रबरातली द्रव्यं हळूहळू व्हिनाइलमध्ये उतरतात आणि रंग आतून बदलतो, त्यामुळे घासून उपयोग नाही, उलट वरची चमक जाईल. सोफा आहे तिथेच ठेवा म्हणजे डाग झाकलेले राहतील. पायांखालचं रबर मात्र काढा आणि त्या जागी पारदर्शक सिलिकॉनचे कप बसवा. घेताना दुकानदाराला व्हिनाइलसाठी हवेत असं स्पष्ट सांगा, आणि आधी एक कप कोपऱ्यात महिनाभर ठेवून बघा.