तैवानच्या भीतीने सगळं मोडून सोनं घ्यावं का?

चिंचवडच्या एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलंय. थोडक्यात सांगतो. वय ४२, पतसंस्थेत हिशेबनीस, पगार २२ हजार. पती चाकणला इलेक्ट्रिक दुचाकींच्या मोटरी जोडणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. घरखर्च कर्जाच्या हप्त्यासकट महिन्याला ६० हजार. म्युच्युअल फंडात १४ लाख. त्यातले ९ लाख ४० हजार भारतीय शेअर्सच्या फंडात आणि ४ लाख ६० हजार अमेरिकेच्या नॅसडॅक १०० फंडात. एसआयपी दरमहा १८ हजार, त्यापैकी ५ हजार नॅसडॅक फंडात. बचत खात्यात ९० हजार. लॉकरमध्ये १२ तोळे दागिने. मुलगा २०२९ मध्ये बारावी होईल, त्याच्या इंजिनीअरिंगसाठी तेव्हा निदान सहा लाख हाताशी हवेत.

त्यांचे दीर म्हणतात, २०२७ मध्ये चीन तैवान घेणार, अमेरिका मध्ये पडणार, शेअर बाजार झोपणार. आत्ताच सगळं विकून सोनं घे. ताई विचारतात, घेऊ का?

ताई, तुमच्या दिरांची भीती खोटी नाही. पण त्या भीतीवरचं त्यांचं औषध चुकीच्या दुखण्याला लावलेलं आहे, असं माझं मत आहे.

आधी ते २०२७ कुठून आलं ते पाहू. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या हिंद-प्रशांत विभागाचे तेव्हाचे सेनापती ॲडमिरल फिलिप डेव्हिडसन यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की, तैवानला असलेला धोका पुढच्या सहा वर्षांत प्रत्यक्षात उतरू शकतो. तिथून हे साल लोकांच्या तोंडी बसलं. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत सीआयएचे तेव्हाचे प्रमुख विल्यम बर्न्स म्हणाले की, २०२७ पर्यंत तयार राहा असं शी जिनपिंग यांनी आपल्या सैन्याला सांगितलंय. आणि लगेच पुढे असंही म्हणाले की, तयार राहणं म्हणजे हल्ल्याचा निर्णय झाला असं नव्हे. व्हॉट्सॲपवर फिरताना हे दुसरं वाक्य गळून पडतं. १ ऑगस्ट २०२७ ला चिनी सैन्याला शंभर वर्षं होतात, म्हणून त्या सालाला मान. ती तारीख एका सेनेच्या शताब्दीची आहे, तुमच्या फंडाच्या मुदतपूर्तीची नाही.

आता बाजार अशा वेळी कसा वागतो ते बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैवानच्या राजधानीत, तैपेईला गेल्या, चीनने बेटाभोवती क्षेपणास्त्रं डागली. त्यानंतर २०२३, २०२४, २०२५ मध्ये मोठे सराव होतच राहिले. बाजाराने फारसं मनावर घेतलं नाही. खरा दणका बसला तो आयातशुल्काने. २ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी देशोदेशींवर शुल्क जाहीर केलं, चीनने प्रत्युत्तर दिलं आणि ७ एप्रिलला आपला सेन्सेक्स एका दिवसात २,२२७ अंकांनी पडला. त्या आठवड्यात मला आलेले फोन! सगळ्यांचं एकच, 'विकून टाका'. ९ तारखेच्या रात्री चीन सोडून बाकीच्यांना ९० दिवसांची सवलत मिळाली आणि नॅसडॅक एका दिवसात १२ टक्क्यांवर उसळला. आपल्याकडे १० ला महावीर जयंतीची सुट्टी होती, ११ ला सेन्सेक्स १,३१० अंकांनी वर. आणि त्याच दिवसांत अमेरिकेचं चीनवरचं शुल्क १४५ टक्के आणि चीनचं अमेरिकेवरचं १२५ टक्क्यांपर्यंत चढत होतं. म्हणजे भांडण वाढत असतानाच बाजार सावरला. जे ७ ला बाहेर पडले त्यांना सवलतीची बातमी आल्यावर परत आत शिरायला दिवस मिळाला एक, तोही बंद बाजाराचा.

पण दरवेळी असंच होईल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. शुल्काचं भांडण एका सहीने मिटतं. मे महिन्यात जिनिव्हात ते ३० आणि १० टक्क्यांवर आलंही. गोळीबाराचं तसं नसतं. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युक्रेनवर हल्ला झाल्यावर मॉस्कोचा शेअर बाजार जवळजवळ महिनाभर बंद होता, आणि उघडला तेव्हाही परदेशी गुंतवणूकदारांना विकता येईना. कागदावर शेअर्स होते, हातात काही नव्हतं. तेव्हा भीतीला जागा आहे, पण ती नेमकी कुठे आहे हे शोधायला हवं.

तुमचा नॅसडॅक फंड घ्या. तुम्ही लिहिलंय, 'हे पैसे तरी अमेरिकेत सुरक्षित आहेत ना?' नाव अमेरिकेचं आहे खरं. पण त्या फंडातल्या बड्या कंपन्या, एनव्हिडिया, ॲपल, यांच्या सर्वांत पुढारलेल्या चिप्स बनतात तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यात. तैवानची सामुद्रधुनी बंद झाली तर तुमच्या भारतीय फंडांच्या आधी हा फंड कोसळेल.

आणि आता खरं दुखणं. तुमच्या यजमानांचा पगार.

ते ज्या मोटरी जोडतात त्यात दुर्मिळ मृदा धातूंचं चुंबक असतं. जगातल्या अशा चुंबकांपैकी सुमारे ९० टक्के चीनमध्ये बनतात. अमेरिकेच्या शुल्कावरचं उत्तर म्हणून ४ एप्रिल २०२५ ला चीनने डिस्प्रोशियम, टर्बियम अशा सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना लावला. भांडण वॉशिंग्टन आणि बीजिंगचं, पण पुरवठा अडला तो आपलाही. जुलैमध्ये बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगितलं की, चुंबकं मिळाली नाहीत तर ऑगस्टमध्ये त्यांच्या इलेक्ट्रिक चेतक स्कूटरचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. चेतक बनते ती आकुर्डीत, तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. ऑक्टोबरमध्ये चीनने निर्बंध आणखी आवळले, मग ३० ऑक्टोबरला बुसानमध्ये ट्रम्प आणि शी भेटले आणि ते नवे निर्बंध एका वर्षासाठी बाजूला ठेवले गेले. फक्त एका वर्षासाठी. एप्रिलचा परवाना तसाच राहिला. आपल्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये देशातच चुंबकं बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. चांगलं केलं, पण कारखाने उभे राहायला वर्षं लागतात.

म्हणजे तैवानवर गोळी न झाडतासुद्धा, नुसत्या एका परवान्याने, तुमच्या यजमानांची पाळी बंद पडू शकते. बाजार पडला तर १४ लाखांचे १० लाख दिसतील, पुढे सावरतीलही. यजमानांचा पगार थांबला तर ६० हजारांच्या खर्चातून तुमचे २२ हजार जाऊन महिन्याला ३८ हजारांचं भगदाड पडेल, आणि बचत खात्यातले ९० हजार तिसऱ्या महिन्याच्या मध्यापर्यंतही पुरणार नाहीत. मग पडलेल्या भावात फंड मोडावे लागतील, नाहीतर दागिने. दिरांच्या बेतात या भगदाडासाठी एक रुपयाही नाही.

दागिन्यांवरून आठवलं. ते तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलेत, गुंतवणुकीत धरलेच नाहीत. बहुतेक घरांत हेच होतं. तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेलाय, त्या हिशेबाने तुमचे १२ तोळे म्हणजे जवळजवळ फंडांइतकेच पैसे. थोडक्यात, घर आणि पीएफ सोडलं तर तुमचे निम्मे पैसे आजच सोन्यात आहेत! मी सहसा दहा-पंधरा टक्के पुरे म्हणतो. दागिने विका असं म्हणत नाहीये, ते अंगावरचे आहेत. पण वर आणखी १४ लाखांचं सोनं?

सोनं वाढलं ते उगीच नाही. २०२२ मध्ये रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली. उद्या आपलीही अशीच अडकली तर, हा प्रश्न बाकीच्या देशांच्या मध्यवर्ती बँकांना पडला आणि त्या सोनं भरू लागल्या. चीनची बँक त्यात ठळक. हे कारण आजही टिकून आहे, म्हणून सोनं नकोच असं मी कुणालाच सांगत नाही. मात्र भीती टोकाला असताना घेतलेलं सोनं फार वाट पाहायला लावतं. जानेवारी १९८० मध्ये, रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्यानंतर, सोनं औंसाला ८५० डॉलरवर गेलं. तो भाव पुन्हा दिसला २००८ च्या जानेवारीत. रुपयांत इतकं वाईट झालं नाही, कारण मधल्या काळात रुपयाच घसरला, पण महागाई वजा केली तर हाती फार उरलं नाही. इतकं मागे कशाला जा? ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियाची धास्ती, रुपया ६८ ला, सोनं तोळ्याला ३४ हजारांच्या घरात. तेव्हा माझ्याच एका अशिलाने मुलीच्या लग्नाच्या एफडी मोडून सोनं घेतलं. २०१५ च्या शेवटी भाव २५ हजारांच्या आसपास होता. 'तुम्ही मला अडवलं का नाहीत,' असं ते अजून म्हणतात. अडवलं होतं, पण पुरेसं नाही.

शिवाय दागिना घेणार असाल तर पहिल्याच दिवशीचा तोटा मोजा. घडणावळ १२ टक्के धरा, वर ३ टक्के जीएसटी. १४ लाख मोजलेत तर सोनं हाती येईल सव्वाबारा लाखांपेक्षाही कमी. पावणेदोन लाखांच्या वर दुकानातच राहिले. आणि तेवढे पैसे उभे करायला सगळे फंड विकलेत तर नफ्यावरचा कर वेगळा.

मग करायचं काय? नॅसडॅक फंडातून अडीच लाख काढा. सगळा नको. जुनी युनिट्स आधी विकली जातात, ती २४ महिन्यांपेक्षा जुनी आहेत, त्यामुळे नफ्यावर साडेबारा टक्के लागेल. माझ्या अंदाजाने फार तर बारा-तेरा हजार. भारतीय शेअर्सच्या फंडांना मिळते ती सव्वा लाखाची वार्षिक सूट या फंडाला नाही, हे धरूनच सांगतोय. बाकीचे दोन लाख दहा हजार आत्ता तिथेच राहू द्यात. २०२२ मध्ये म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीची ७ अब्ज डॉलरची मर्यादा भरत आली तेव्हा अनेक फंडांनी नवे पैसे घेणंच थांबवलं होतं. पूर्ण बाहेर पडलात तर परत दार उघडं मिळेलच असं नाही.

हे अडीच लाख आणि खात्यातले ९० हजार मिळून तुमचं जवळजवळ नऊ महिन्यांचं भगदाड बुजतं. एरवी मी सहा महिन्यांचे पैसे पुरेत म्हणतो, यजमानांचा धंदा बघून नऊ म्हणतोय. बँकेत एफडी करा, पन्नास-पन्नास हजारांच्या तुकड्यांत, म्हणजे गरजेला एकच मोडता येईल. राग मानू नका, पण तुमच्या पतसंस्थेत ठेवू नका. तिथे तुम्हाला व्याज जास्त मिळेल, कर्मचारी म्हणून आग्रहही होईल. पण बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं जे संरक्षण आहे ते पतसंस्थांना लागू नाही. आणि तुमचा पगारही तिथलाच.

नॅसडॅकची पाच हजारांची एसआयपी थांबवा आणि तेच पाच हजार मुलासाठी आवर्ती ठेवीत वळवा. तीन वर्षांत व्याजासकट दोन लाखांच्या आसपास होतील. उरलेले नॅसडॅकचे पैसे २०२८ संपण्याआधी दोन हप्त्यांत काढून ठेवीत टाका, आणि कमी पडतील ते दोन लाख त्याच सुमारास भारतीय फंडातून घ्या. यात तैवानचा काही संबंध नाही. तीन वर्षांनी लागणारे पैसे तसेही शेअर्समध्ये शेवटपर्यंत ठेवायचे नसतात. तैवान शांत राहिलं तरी मी हेच सांगितलं असतं.

तेरा हजारांच्या बाकी एसआयपी चालू ठेवा. ते पैसे तुमच्या साठीनंतरचे आहेत, १८ वर्षांत अशी भांडणं अजून चार होतील. फार अस्वस्थ वाटत असेल आणि दिरांचंही मन राखायचं असेल, तर त्यातले हजार रुपये गोल्ड ईटीएफमध्ये, म्हणजे कागदावरच्या सोन्यात, जाऊ द्यात. घडणावळ नाही, लॉकर नाही. मला ते गरजेचं वाटत नाही, पण रात्री झोप लागणं हाही एक परतावाच आहे.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. पत्रात ओझरतं लिहिलंय की यजमानांना मधुमेह आहे आणि घरचा आरोग्यविमा कंपनीचा आहे. म्हणजे नोकरी गेली की पगाराबरोबर विमाही जातो. नोकरी आहे तोवरच तिघांची स्वतःची पॉलिसी काढा, निदान दहा लाखांची. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी नाही. आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं असतो, तो जितका लवकर सुरू होईल तितकं बरं. तोवर कंपनीचा विमा आहेच. आणि अर्ज भरताना एजंट काहीही म्हणो, साखरेचं लपवू नका.