मॅडम, पेपर लिहायला हातच वळत नाही

वाचकांची पत्रं, मार्च 2022

यावेळचा गठ्ठा बघितला तर जवळजवळ सगळी पत्रं कॉलेजचीच. कोरोनामुळे बंद असलेले वर्ग 1 फेब्रुवारीपासून परत भरायला लागले आणि महिनाभरात सगळ्यांचं सगळं वर आलं. मी इथे नाशकातच केमिस्ट्री शिकवते म्हणून संपादकांनी गठ्ठा सरळ माझ्याकडे सरकवला. सगळ्यांना उत्तर देणं होणार नाही, चार घेतलीत, आणि पहिल्यावरच माझी जास्त जागा जाणार आहे हे आधीच सांगते.

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी निफाड तालुक्यातला, एफवाय बीएस्सीला आहे. 2021 ची बारावी, म्हणजे परीक्षा न देता पास झालेली बॅच, गावात अजून लोक हसून विचारतात काय रे कोरोना बॅच किती पडले. अ‍ॅडमिशन झालं तेव्हाच एसटीचा संप लागला म्हणून लेक्चर फोनवरच, जानेवारीत ओमायक्रॉनमुळे कॉलेज परत बंद, आता काळीपिवळीने औरंगाबाद नाक्यापर्यंत आणि पुढे रिक्षा नाहीतर सिटीलिंकची बस असं करत येतो. पण खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे. परवा वर्गात टेस्ट झाली, येत होतं सगळं, पण दीड पान लिहिलं आणि हात दुखायला लागला, अक्षर मलाच वाचता येईना. प्रॅक्टिकलला तर ब्युरेट, म्हणजे ती खाली नळ असलेली काचेची मापनळी, समोर घेऊन नुसता उभा राहिलो, बाजूच्या मुलीने विचारलं पहिल्यांदा बघतोयस का, तर हो म्हणायची पण लाज वाटली. व्हिडिओ मी सगळे बघितलेत, घरी आल्यावर परत तेच बघतो. मी सायन्सला चुकून आलोय का? आर्ट्सला जाऊ का?

उत्तर: अरे आधी एक हिशोब मांडू. तीन तासांचा खराखुरा पेपर तू शेवटचा कधी लिहिलास? दहावीला, मार्च 2019. अकरावीची वार्षिक 2020 मध्ये लॉकडाऊनमुळे रद्द झाली, बारावीची बोर्डाची 2021 मध्ये रद्द झाली आणि दहावीचे 30, अकरावीचे 30, बारावीचे 40 टक्के असं धरून निकाल लावला, तो राज्याचा 99.63 टक्के लागला. त्यावर लोकांनी काय काय जोक केले ते सोड, ती परीक्षा तुम्ही रद्द केली नव्हती. म्हणजे तीन वर्षं झाली तुझ्या हाताने बसून पानंच्या पानं लिहिलेली नाहीत. निफाडचा आहेस म्हणजे तुझी नाहीतर शेजाऱ्याची द्राक्षबाग असणारच, तिथे कोणालाही विचार की दोन-तीन सीझन कात्री हातात धरली नाही आणि एकदम ऑक्टोबर छाटणीला उभं केलं तर पहिल्या संध्याकाळी तळहाताचं काय होतं. फोड येतात. त्याला कोणी असं म्हणतं का की तू चुकून शेतकऱ्याच्या घरात जन्मलास?

आणि हे तुझ्या एकट्याचं नाहीये. यंदाची, म्हणजे 2022 ची बारावी 4 मार्चला सुरू झाली, तिथे 70 ते 100 मार्कांच्या पेपरला बोर्डाने अर्धा तास जादा दिलाय. लिहायचा सराव तुटलाय हे बोर्डाच्यासुद्धा लक्षात आलंय, मग तू कशाला लाजतोस.

आता करायचं काय, तर उद्यापासून तीन तासांचे पेपर सोडवायला बसू नकोस, चौथ्या दिवशी सोडून देशील. वीस मिनिटं. फुलस्केप कागद, साधं बॉलपेन, समोर घड्याळ, आणि शिकवलेलं काहीही एक उत्तर न बघता लिहायचं. फोन दुसऱ्या खोलीत. वीस मिनिटांनी ओळी मोज आणि कागदाच्या कोपऱ्यात आकडा टाक. आठवडाभर वीस, मग तीस, मग पाऊण तास. बोटं दुखतात ती बहुतेक पेन गळा दाबल्यासारखं धरल्यामुळे, आणि ते होतं वेळ पुरणार नाही या भीतीने, म्हणून पहिलं पान मुद्दाम हळू लिही. घरी बसवत नसेल तर अशोकस्तंभ, गंगापूर रोड बाजूला अभ्यासिका पैशाला पासरी आहेत, किंवा वर्ग सुटल्यावर कॉलेजच्याच लायब्ररीत तासभर बस, तशीही तुझी काळीपिवळी भरल्याशिवाय निघत नाही.

प्रॅक्टिकलचं सांगते, पण त्याआधी आमच्या लॅबची गोष्ट ऐक. 20 ऑक्टोबर 2021 ला कॉलेजं उघडणार म्हणून दोन दिवस आधी आमच्या लॅबच्या मामांनी आणि मी कपाट उघडलं. मार्च 2020 ला घाईघाईत बंद केलं होतं, कोणीतरी ब्युरेट न धुता तशाच आत ठेवलेल्या, कॉस्टिक सोडा वाळून काचेचे नळ असे घट्ट बसलेले की हलेनात. मला घाई, मी जोर लावला आणि एक नळ सरळ तुटून हातात आला. मामा म्हणाले, मॅडम तुम्ही बाजूला व्हा बरं. त्यांनी सगळ्या ब्युरेट कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवल्या, दुसऱ्या दिवशी एकेक नळ जरा इकडे जरा तिकडे करत सोडवला, व्हॅसलीन लावलं, तरी पाच-सहा गेल्याच. तर मी वीस वर्षं टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून थेंबथेंब सोडून मोजणं, शिकवते आणि पहिल्याच दिवशी ब्युरेट तोडली, तू नुसता उभाच राहिलास ना.

व्हिडिओ बघून काय होतं सांगते. त्यात फिनॉल्फथॅलीनचा, म्हणजे फ्लास्कमध्ये रंग बदलून कुठे थांबायचं ते सांगणाऱ्या इंडिकेटरचा रंग मस्त गुलाबी दिसतो, कारण फिका रंग कॅमेऱ्यात नीट येतच नाही. मग मुलं फ्लास्क तेवढा गुलाबी होईपर्यंत सोडत राहतात आणि रीडिंग अर्धा एमएल पुढे. खरा एंड पॉइंट म्हणजे जेमतेम दिसेल न दिसेल असा गुलाबी, पांढऱ्या कागदावर फ्लास्क धरला तर कळतो, आणि हलवूनसुद्धा अर्धा मिनिट टिकला पाहिजे. हे डोळ्यांना समोर बघूनच कळतं. पुढच्या प्रॅक्टिकलला दहा मिनिटं आधी जा, लॅबच्या मामांना सांग की मला नुसतं पाण्यावर करून बघायचंय, कोणी नाही म्हणत नाही. ब्युरेट पाण्याने भर, डावा हात नळाला मागून वेढा घालून, उजव्या हातात फ्लास्क, तो गोल फिरवत राहायचा, आणि वीस थेंब मोजून सोड. पाणी साधारण एक एमएल उतरलं पाहिजे. थेंबाऐवजी धार लागली तर परत. आठ-दहा वेळा केलंस की हात आपोआप थांबायला लागतो, मग सीबीआर, म्हणजे परत परत तेच येणारं ब्युरेटचं रीडिंग, पण जुळेल. पिपेट मात्र तोंडाने ओढू नकोस, आमच्या वेळी सगळे ओढायचे, आता रबरी फुगा वापर. आणि जर्नल व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफवरून उतरवायचं बंद कर, वाकडंतिकडं आलेलं का होईना तुझं स्वतःचं रीडिंग लिही, तपासताना आम्हाला उतरवलेलं लगेच ओळखू येतं.

आर्ट्सचं म्हणशील तर खुशाल जा, इतिहास आवडतो म्हणून जा, हात दुखतो म्हणून जाऊ नकोस. तिकडे तर याच्या दुप्पट लिहावं लागतं. आणि त्या बाजूच्या मुलीला सांगून टाक की हो, पहिल्यांदाच बघतोय. बारावी तिचीही फोनवरच झालीये.

प्रश्न: मी सिडकोत राहतो, एसवाय बीकॉम. लॉकडाऊनमध्ये पप्पांचं काम गेलं म्हणून अंबडला एका कंपनीत पॅकिंगला लागलो, कानात हेडफोन लावून लेक्चर ऐकायचो आणि हात कामावर. आता कॉलेज म्हणतं हजेरी लागेल. पगार सोडणं शक्य नाही. ऑनलाइनच चालू ठेवलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?

उत्तर: तुझ्या पत्रावर मी दोन दिवस अडकले होते. ऑनलाइनला आम्ही स्टाफरूममध्ये रोज शिव्या घालतो, पण तुझ्यासारख्यांना त्याच फोनने कॉलेजात टिकवून ठेवलं हेही खरंय, आणि वर्ग उघडताना तुमचा विचार कोणी फारसा केला नाही. आता सरळ मुद्द्यावर येते. हे सेमिस्टर मध्येच सोडू नकोस, फी भरलीये, परीक्षा देऊन टाक. कॉमर्सचे वर्ग बऱ्याच ठिकाणी सकाळी असतात, सुपरवायझरला सेकंड शिफ्ट मागून बघ, आणि क्लास टीचरना घरची परिस्थिती स्वतः जाऊन सांग, नोटीस लागायच्या आधी. नंतर सांगितलं की ते बहाणे वाटतात. विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना आहे, कॉलेजातच रोज थोडे तास काम असतं, पैसे मात्र पॅकिंगइतके मिळणार नाहीत, ही स्पष्ट कल्पना असू दे. आणि काहीच जमलं नाही तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात आहे रे, गंगापूर धरणाच्या रस्त्याला, 1989 पासून काम करणाऱ्यांनाच शिकवतंय. ती डिग्री कमी प्रतीची असते हे कोणी सांगितलं असेल तर डोक्यातून काढ, स्पर्धा परीक्षांना चालते. फक्त तुझं एक वर्ष तिकडे धरलं जाईल का हे पैसे भरण्याआधी अभ्यासकेंद्रावर विचार, नंतर नको.

प्रश्न: ताई, मुलगी टीवायला आहे. कॉलेजातून आली की बोलत नाही, जेवत नाही, सरळ झोपते ती संध्याकाळी सातला उठते. घरी होती तेव्हा बरी होती. आळशी झालीये का? नाशिकरोडहून एक आई.

उत्तर: दोन वर्षं पलंग ते टेबल एवढाच प्रवास होता तिचा, आता नाशिकरोड ते कॉलेज रोड, मास्क लावून, मार्चच्या उन्हात. दमली असेल हो. आली की प्रश्न विचारू नका, ताट वाढून द्या, झोपू द्या, पण तासाभराने उठवा, नाहीतर रात्री दोनपर्यंत जागी राहील आणि सकाळी परत तेच. दोन-तीन आठवड्यांत बसेल घडी. मात्र नाही बसली, मैत्रिणींचे फोन पण घेईना, उगाच रडू येतंय, किंवा जगण्यात काही अर्थ नाही असं काही एकदा जरी बोलली, तर आळस म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न: मी प्राध्यापक आहे. वर्ग भरलाय, पण प्रश्न विचारला की कॅमेरा बंद असल्यासारखी शांतता. मास्कच्या वर नुसते डोळे. काय करावं?

उत्तर: सर, माझंही सेम. गंमत म्हणजे हीच मुलं ऑनलाइनला चॅटमध्ये पटापट उत्तरं टाकायची. म्हणून मी हल्ली तासाच्या मध्ये सगळ्यांना चिठ्ठी लिहायला लावते, नाव घालायचं नाही, जे कळलं नाही ते एका ओळीत. मग पाच-सहा मोठ्याने वाचते. पहिल्या दिवशी एकात लिहिलं होतं, मॅडम तुम्ही श्वास न घेता बोलता. काळ्या चौकोनांसमोर दीड वर्ष बोलून तशी सवय लागलीये मला, मध्ये थांबून समोर बघायचं असतं हेच विसरले होते. आता थांबते. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाने चिठ्ठी न लिहिता सरळ हात वर केला. कागद पाठकोरे वापरा, स्टाफरूममध्ये जुन्या नोटिसांचे गठ्ठे पडलेच असतील.