उपाशीपोटीची साखर नॉर्मल आली, तरी तपासणी तिथेच थांबवू नका

पाळी अडीच-अडीच महिन्यांनी येते, सोनोग्राफीत गाठी दिसल्या, मान काळवंडत चालली आहे आणि उपाशीपोटीची साखर ९२ आल्यामुळे ‘काळजीचे कारण नाही, वजन कमी करा’ असे सांगण्यात आले, हे तुम्ही लिहिलेले वाचून मला माझे सत्ताविसावे वर्ष आठवले. मी डॉक्टर नाही. पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी लांबते आणि अंडाशयात अशा गाठी दिसतात, तो विकार) १५ वर्षे सांभाळते आहे, तेवढ्याच आधारावर लिहिते.

सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी म्हणजे अंडाशयातल्या अर्धवट वाढून थांबलेल्या बीजकोशिका, म्हणजे बीज वाढते त्या लहान पिशव्या, असतात. त्यांची धास्ती घेऊ नका. लक्ष द्यायचे ते मानेकडे. मी रोज अंघोळीआधी डाळीचे पीठ आणि लिंबू लावून मान घासत असे. कातडी चुरचुरून लाल व्हायची, काळेपणा मात्र जात नसे, कारण तो मळ नव्हताच. शरीर इन्सुलिनला पुरेसे जुमानत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिकाधिक सोडते आणि त्या जादा इन्सुलिनमुळे त्वचा जाड व काळसर होते. तेच इन्सुलिन अंडाशयाला जास्त टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तयार करायला लावते, शिवाय टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी बनते. मग हनुवटीवर केस येतात, बीज पक्व होत नाही आणि पाळी लांबते. या जादा इन्सुलिनच्याच जोरावर उपाशीपोटीची साखर बरीच वर्षे आटोक्यात दिसू शकते.

माझी चार वर्षे इथेच वाया गेली. सोलापुरातल्या एका रुग्णालयात (नाव लिहिणार नाही) दर वेळी उपाशीपोटीचीच साखर तपासली गेली, माझी मान एकदाही कोणी पाहिली नाही, आणि ‘नॉर्मल’ हा शब्द वाचून मीही पुढे काही विचारले नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरबाईंनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासायला लावले. उपाशीपोटी ९६ आणि दोन तासांनी १७२! दोन तासांनंतरची साखर १४० च्या आत हवी; २०० किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेहाची पातळी. त्या वाया गेलेल्या वर्षांचा राग अजूनही गेलेला नाही.

म्हणून ही तपासणी मागून घ्या. आधीचे तीन दिवस जेवण कमी करू नका, नाहीतर आकडा चुकीचा येऊ शकतो. ते दोन तास लॅबमध्येच बसून राहा. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ही हार्मोन्सही तपासून घ्या. पाळी नियमित करण्यासाठी देतात त्या हार्मोनच्या (गर्भनिरोधक) गोळ्या चालू असताना हार्मोन्स तपासले तर टेस्टोस्टेरॉन कमी दिसते, तेव्हा गोळ्या चालू असल्याचे आवर्जून सांगा.

खाण्याबाबत माझे मत ठाम आहे: ज्वारीची भाकरी सोडू नका, तिची संख्या कमी करून उसळ वाढवा आणि रात्री जेवल्यावर थोडे चाला. मेटफॉर्मिन (शरीर इन्सुलिनला जुमानावे म्हणून देतात ते औषध) मला लागू पडले, पण ते तुम्हाला हवे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावे. पाळी तीन महिन्यांच्या पुढे गेली तर मात्र वाट पाहू नका. गर्भाशयाचे अस्तर साचून जाड होत राहते, त्यासाठी लगेच दाखवा.