बिजलीसाठी फार्महाऊस नको, माणूस बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इंदापूरच्या पुढे हायवेला सापडलेली तुमची बिजली, दीडेक वर्षांची कुत्री, कारवानी (सडपातळ, वेगवान शिकारी जात) वळणाची. कोथरूडला वन बीएचके, तुम्ही दोघंही नोकरीवर. सोफ्यातला फोम बाहेर काढून झालाय, दार जरा उघडलं की जिन्यावरून सुसाट. एक कुटुंब हौसेनं घेऊन गेलं आणि चार दिवसांत "आम्हाला नाही झेपणार" म्हणून परत आणून सोडलं. आता मुळशीकडचे एक गृहस्थ म्हणताहेत, आमच्या फार्महाऊसवर द्या, तीन एकर आहे, मोकळी पळेल. तर द्यावी का?

नका देऊ. निदान आहे त्या माहितीवर तरी नका देऊ.

"मोकळी पळेल" हे ऐकायला फार गोड लागतं, आणि दमलेल्या माणसाला तर जास्तच. पण त्यांना एवढंच विचारा की सोमवार ते शुक्रवार तिथे कोण असतं. उत्तर बहुतेक वेळा "वॉचमन आहे ना" असं येतं. मग पुढचं ठरलेलंच. कारवानी कुत्रं छातीएवढी भिंत उभ्या उभ्या ओलांडतं, तारेच्या कुंपणाची तर गोष्टच सोडा. पहिल्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवरची कोंबडी जाते, मग कुणाचं तरी करडू. वॉचमनला शिव्या बसतात, तो साखळी आणतो. दिवसभर साखळी, रात्री सोडायचं. आणि ज्यांची कोंबडी गेली ते लोक रोज रोज भांडायला येत नाहीत, एखाद्या रात्री विष घातलेला मटणाचा तुकडा टाकून मोकळे होतात. मालक स्वतः तिथे राहत असेल, कुंपण नीट उंच असेल आणि कुत्रं रात्री घरात झोपणार असेल, तर तो माणूस वेगळा. तसा असेल तर जरूर बोला. पण तो "तीन एकर आहे" यापासून सुरुवात करत नाही.

अशा कुत्र्यासाठी येणाऱ्या फोनमध्ये आणखी दोन प्रश्न कानावर येतील. "ससा धरते का?" आणि "पिल्लं होतील ना?" पहिला प्रश्न विचारणाऱ्याला शिकारीला कुत्रं हवंय. सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तरी आपल्या सांगली-सोलापूर पट्ट्यात हा शौक संपलेला नाही. दुसऱ्याला धंदा करायचाय. कारवानी दिसणारी तरुण मादी म्हणजे वर्षाला पिल्लांची एक खेप, असा सरळ हिशेब असतो तो. म्हणून नसबंदी आधी, जाहिरात नंतर. यात तडजोड करू नका. नसबंदी झालीय म्हटलं की या दुसऱ्या प्रकारचे फोन आपोआप थांबतात.

नसबंदीच्या वेळी डॉक्टरांना आवर्जून सांगा की ही कारवानी आहे. या जातीच्या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, त्यामुळे भुलीच्या काही औषधांचा अंमल लवकर उतरत नाही. अनुभवी डॉक्टरांना हे माहीत असतं, तरी सांगितलेलं बरं. त्याच वेळी टिक फीव्हरसाठी रक्त तपासून घ्या, हायवेवरच्या कुत्र्यात गोचीड असणारच. आणि तिच्या बरगड्या दिसतात म्हणून सोसायटीतल्या काकू बोलल्या असतील तर मनावर घेऊ नका. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणं हा यांचा बांधाच आहे.

(कारवानी की मुधोळ, हा वाद इथे कुणीतरी काढेलच. कर्नाटकात मुधोळ म्हणतात, आपल्याकडे कारवानी. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही कुत्री जोपासली, म्हणून ते नाव. नाव काहीही घ्या, पळतं सारखंच.)

आता तिच्या ऊर्जेबद्दल. तुम्ही लिहिलंय की सकाळ-संध्याकाळ तासभर बॉल फेकून दमवता, तरी घरी आली की पुन्हा सुरू. साहजिक आहे. रोज दमवल्यानं तिचा दम वाढतोय आणि बॉलनं डोकं आणखी तापतंय. ही नजरेनं शिकार धरणारी जात आहे. हलणारी वस्तू दिसली की वाऱ्यासारखी सुटायची, मिनिटा-दोन मिनिटांत खेळ संपायचा, आणि उरलेला दिवस लोळायचं, ही यांची घडण. नीट बसवलेलं कारवानी घरात इतकं आळशी असतं की बघणाऱ्याला खरं वाटत नाही. तुमची बिजली लोळत नाही, कारण तिला अजून लोळायची शाश्वती नाही. हायवे, मग तुमचं घर, मग तिसरं घर, पुन्हा तुमचं घर.

तर पंधरा दिवस बॉल कपाटात ठेवा. सकाळी ऊन चढायच्या आत, लांब दोरी लावून, तिच्या चालीनं वास घेत हिंडू द्या. जिथे थांबेल तिथे तुम्हीही थांबा. चाळीस मिनिटांत अर्धा किलोमीटरच झाला तरी चालेल. नाकाला काम मिळालं की डोकं शांत होतं. जेवण वाटीत देऊ नका. जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या, खोक्यात चुरगळलेल्या कागदांत लपवा, ताक-भात असेल तर पसरट ताटलीत थापून चाटायला द्या. जेवणानंतर लगेच पळवू नका. आणि दुपारची झोप सक्तीची: पडदे ओढलेले, तिची गादी, चघळायला काहीतरी. आधी तुम्ही घरात असताना, मग दहा मिनिटं बाहेर जाऊन, मग अर्धा तास. एकटं राहता येणं ही दत्तक जाणाऱ्या कुत्र्याची सगळ्यात मोठी पात्रता आहे. "शेक हँड" कुणी विचारत नाही.

या पंधरा दिवसांत वहीत टिपून ठेवा. लहान मुलं धावली तर काय करते? मांजर दिसलं तर? स्कूटरच्या मागे जाते का? जेवताना जवळ गेलं तर गुरगुरते का? पाहुणा आला तर किती वेळात शांत होते? हीच टिपणं पुढे जाहिरातीत उतरणार आहेत.

तुमची आधीची जाहिरात पाहिली. "खेळकर, प्रेमळ, मुलांची लाडकी, कोणत्याही घरात सहज रुळेल." हे वाचून आलेलं कुटुंब चार दिवसांत परतलं, यात त्यांचा फारसा दोष नाही. त्यांनी शांत कुत्रं मागितलं होतं आणि जाहिरातीनं "हो" म्हटलं. मी असं काहीतरी लिहीन:

"बिजली, कारवानी मिश्र मादी, अंदाजे दीड वर्ष, नसबंदी व लसीकरण झालेले. घरात स्वच्छ राहते, दोन तास एकटी राहते, भुंकत नाही. मांजर, कोंबड्या किंवा अगदी लहान मुलं असलेल्या घरासाठी नाही. बाहेर कायम दोरीवर ठेवावी लागेल, मोकळी सोडलेली चालणार नाही. रोज सकाळी तासभर फिरवणारं एक तरी माणूस घरात हवं. फ्लॅट चालेल. बांधून ठेवणाऱ्यांनी, राखणीसाठी किंवा पिल्लांसाठी हवी असणाऱ्यांनी फोन करू नये."

जे खरं नसेल ते काढा, पण सूर हाच ठेवा. फोन कमी येतील, आणि तेच हवंय. फोटो दोन पुरेत: एक उभी असतानाचा बाजूनं, एक झोपलेला. सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, ज्यात ती दोरी ओढताना दिसतेय. ओढताना बघूनही ज्याला ती आवडली, त्याच्याशी बोलण्यात अर्थ आहे.

जाहिरात कुठे द्यायची, यावर सगळेच सांगतील. मी एवढंच म्हणेन की प्राणिमित्रांच्या ग्रुपवर सगळ्यांची घरं आधीच सांभाळलेल्या प्राण्यांनी भरलेली असतात, तिथे हळहळ खूप मिळते आणि घरं कमी. त्यापेक्षा पहाटे टेकडीवर जाणारे लोक, धावणाऱ्यांचे ग्रुप, डॉक्टरांच्या दवाखान्यातला फळा. विशेषतः ज्यांचं म्हातारं कुत्रं नुकतंच गेलंय आणि सकाळी पाचला जाग तर येते पण करायला काही नाही, अशी माणसं डॉक्टरांना नेमकी ठाऊक असतात.

मी सांभाळलेल्यांपैकी सगळ्यात अवखळ पोरगी, लॅब आणि गावठीचं मिश्रण, कराडला एका निवृत्त एसटी ड्रायव्हरकडे गेली. दोन खोल्यांचं घर, अंगणसुद्धा नाही. मी जरा साशंक होते. काका आले, पायरीवर बसले, तिच्याकडे बघितलंही नाही. ती अंगावर उड्या मारून, चपलेचा पट्टा चावून, शेवटी कंटाळून त्यांच्या पायाशी बसली. मग त्यांनी हात खाली सोडला, तो तिनं हुंगला. मला त्यांनी दोनच प्रश्न विचारले: जेवायला किती वाजता घालता, आणि रात्री झोपते कुठे. मी विचारलं, काका, सकाळी फिरवायला जमेल ना? म्हणाले, "चौतीस वर्षं पहिली गाडी काढली, आता चारनंतर झोपच येत नाही." त्याच कुत्रीसाठी बंगलेवालेही येऊन गेले होते, स्विमिंग पूलसह.

म्हणून फोनवर घराचा आकार विचारूच नका, दिवस विचारा. काल सकाळी किती वाजता उठलात, घरी किती वाजता आलात, गावाला गेलात तर कोण सांभाळणार, आधीचं कुत्रं कसं गेलं. "कालचा दिवस" विचारला की माणूस खरं सांगतो. "वेळ काढाल का?" विचारलं की सगळेच "हो" म्हणतात. घरात सासूबाई असतील तर त्यांच्याशी स्वतंत्र बोला, दुपारी कुत्र्याबरोबर घरात त्याच असणार आहेत. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी संमती मागा. सोसायटीला कुत्रं पाळायला किंवा लिफ्टमधून न्यायला बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. त्याची प्रत त्यांना देऊन ठेवा, पण भांडायची तयारी नसलेल्या माणसाला केवळ परिपत्रकाच्या जोरावर कुत्रं देऊ नका.

घर बघायला जाच. मी गेले की पहिल्यांदा बाल्कनीचा कठडा, गच्चीचं दार आणि मुख्य दाराला सेफ्टी डोअर आहे का, एवढं बघते. बिजलीसारखीला तर सेफ्टी डोअर हवंच.

कराराचा एक साधा कागद करा: नसबंदी झालेली आहे, बांधून ठेवणार नाही, दुसऱ्या कुणाला परस्पर देणार नाही, नाही जमलं तर आम्हालाच परत देऊ. आधारची प्रत, दोघांच्या सह्या. याच्या जोरावर कोर्टात जाता येईल अशा भ्रमात राहू नका. कुत्रं वाऱ्यावर सोडणाऱ्याला प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास. कागदाचा उपयोग वेगळा आहे: सही करताना जो कुरकुरतो तो तिथेच कळतो. "नाही जमलं तर परत द्या, आम्ही एक शब्द बोलणार नाही" हे मात्र तोंडानं, दोनदा सांगा. लाजेपोटी लोक कुत्रं परत आणत नाहीत, कुठेतरी सोडून येतात.

सोपवताना दिवाळी, गणपती, लग्नाचं घर टाळा. यांचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं, साधा पट्टा मागे सरकली की निसटतो. ओढलं की थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या, वर हार्नेस, आणि पहिला महिना दोन दोऱ्या. पट्ट्यावर नव्या घराचा आणि तुमचा, दोन्ही फोन नंबर. शक्य असेल तर मायक्रोचिप. सोबत तिची न धुतलेली चादर आणि आठवड्याचं नेहमीचं खाणं द्या. लसींचं पुस्तक त्यांच्या नावावर करून घ्या आणि महापालिकेचा परवाना काढायला सांगा.

नव्या लोकांना सांगून ठेवा की पहिले तीन दिवस ती कोपऱ्यात बसेल किंवा जेवणार नाही, तीन आठवड्यांत खरे गुण दाखवेल, आणि घर आपलं मानायला तिला तीनेक महिने लागतील. पाहुण्यांना बोलावून "आमची नवीन बिजली" दाखवायचा कार्यक्रम तोवर नको. तिसऱ्या दिवशी फोन करा, मग दहाव्या. भेटायला मात्र पहिला महिनाभर जाऊ नका, तुमचा वास आला की ती पुन्हा दाराशी बसेल. नंतर जा, त्यांच्या सोयीची वेळ विचारून.