ठाण्यात बाल्कनीत बुटकं 'इंडिका' गांजाचं झाड लावता येईल का? ते थंड हवेचं म्हणतात.

नका लावू. एक झाड असलं तरी ती लागवडच. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम २० मध्ये गांजाच्या झाडाच्या विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. कुंडी आहे, शेत नाही, या सबबीने सुटका नाही. 'घरच्यापुरतं' म्हणून घरच्यांना यात ओढू नका, हे अगदी कळकळीने सांगतो.

थंड हवेचं मात्र खरं आहे. 'इंडिका' हे नाव फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून दिलं. आज त्या नावाने ओळखली जाणारी बुटकी, रुंद पानांची जात अफगाणिस्तानातल्या हिंदुकुश डोंगरांकडची. तिकडे हवा कोरडी, उन्हाळा छोटा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, गच्च फुलोऱ्याला आतून बुरशी धरणारच.

बुटकं, थंडीत खुलणारं झाड हवं असेल तर शेवंती लावा. तीही रात्र मोठी झाली की कळ्या धरते. घोडबंदर रोडला आमच्या बाल्कनीत दोन कुंड्या होत्या. पॅसेजच्या दिव्याखालची नुसती पानांनी भरली, एक कळी नाही. दुसरी कोपऱ्यात, अंधारात, डिसेंबरात पिवळीधमक. दिव्याखालची हलवली, तेव्हा कुठे महिन्याभराने तिला मुगाएवढ्या कळ्या दिसल्या. पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली ठेवू नका, मुळं कुजतात. रोप कुठल्याही नर्सरीत मिळेल.