'हाफ मॅच' म्हणजे अर्धवट नव्हे, निम्मे

विट्याहून एका वाचकांनी विचारले आहे: भावाला किडनी देण्यासाठी बहिणीची मिरजेत एचएलए (पेशींच्या पृष्ठभागावरचे, आपले-परके ओळखायला लावणारे रेणू) तपासणी झाली, अहवालात 'हाफ मॅच' आले. घरात सगळे 'अर्धवट जुळलं' म्हणून खचले आहेत. एका माहितीपत्रकात 'ऊतक-प्रकार' (इंग्रजी 'टिश्यू टाइप') असाही शब्द दिसला. बरोबर मराठी शब्द कोणते?

आधी 'अर्धवट' बाजूला काढू, कारण तो शब्दच घरात धास्ती पसरवतोय. अर्धवट म्हणजे पुरे न झालेले, मध्येच सोडलेले. अहवालातल्या 'हाफ'मध्ये अशी उणीव सांगितलेली नाही, फक्त मोजमाप आहे. एचएलएची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांच्या जवळ असतात, म्हणून त्यांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून बहुधा सबंधच्या सबंध येतो. त्यामुळे आईवडील आणि मूल यांचे किमान निम्मे जुळतेच. सख्ख्या भावंडांत दोन्ही संच सारखे येण्याची शक्यता २५ टक्के, एक सारखा येण्याची ५० टक्के, एकही न येण्याची २५ टक्के. म्हणजे तुमच्या घरात जे निघाले तेच सर्वांत जास्त वेळा निघते. त्याला 'निम्मी जुळणी' म्हणा. 'निम्मं रान पेरलं', 'निम्मी वाट सरली' हे आपल्या सांगली-साताऱ्याकडचे रोजचे बोलणे. फारसीतही 'नीम' म्हणजे अर्धे. त्यात दोन सारखे भाग आहेत, कमीपणा नाही. पुढचा निर्णय अर्थात डॉक्टरांचा. हल्लीच्या औषधांमुळे पूर्ण जुळणी नसतानाही किडनी बसवतात.

'ऊतक' हिंदीतून आलेला शब्द. मराठी शाळेच्या विज्ञानात आपण 'ऊती' शिकलो, तोच वापरावा. संस्कृतात ऊति म्हणजे विणणे, आणि 'ओतप्रोत'मधले 'ओत' त्याच धातूचे. इंग्रजी 'टिश्यू'चा अर्थही मुळात विणलेले कापड. यंत्रमागांच्या विट्यात हा शब्द परका वाटायचे कारण नाही.

माझा खरा आक्षेप 'प्रकार' या शब्दाला आहे. प्रकार म्हटले की रक्तगटासारखे चार-आठ खण डोळ्यांपुढे येतात. इथे एचएलए जनुकांच्या आजवर ४०,००० हून अधिक पर्यायी रूपांना अधिकृत नावे दिली गेली आहेत. शिवाय हे वैविध्य कुठेही विखुरलेले नाही. १९८७ मध्ये पामेला ब्योर्कमन, डॉन वाइली आणि सहकाऱ्यांनी एचएलए-ए२ या एका एचएलए रेणूची त्रिमितीय रचना उलगडली. तळाशी आठ पट्ट्यांचा सपाट थर, त्यावर दोन बाजूंना मळसूत्री कडा, मध्ये कौलाच्या कडेला लावतात तशी पन्हळ. पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे त्या पन्हळीत धरून हा रेणू ते टी-पेशींना, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतो. माणसामाणसांतला फरक प्रामुख्याने या पन्हळीच्या तळात आणि भिंतींत एकवटलेला असतो. तिथे एखादे अमिनो आम्ल बदलले तरी कोणता तुकडा बसेल हे बदलू शकते. एचएलएच्या ए, बी, सी या रेणूंची पन्हळ दोन्ही टोकांना बंद, म्हणून त्यांत साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे तुकडे मावतात. डीआर, डीक्यू, डीपी या दुसऱ्या गटातल्या एचएलए रेणूंची टोके उघडी, त्यामुळे लांब तुकडेही बसतात. एखादा विषाणू साऱ्या गावाला एकाच वेळी चकवू शकत नाही, त्यामागे हे वैविध्य मोठे कारण आहे. 'प्रकार'ने हे सारे झाकून जाते.

एचएलएतल्या 'ए'चे, म्हणजे 'अँटिजेन'चे, भाषांतर 'प्रतिजन' होते, म्हणजे ज्याला परके समजून शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते तो पदार्थ. तोही शब्द नीट समजून घ्यावा लागतो. १९५८ मध्ये झाँ दोसे यांनी, वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवात इतरांच्या पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या होतात हे पाहून यातले पहिले प्रतिजन ओळखले. म्हणजे तो प्रतिजन ठरतो दुसऱ्याच्या शरीरात. स्वतःच्या शरीरात तो आपले काम करणारा रेणूच.

म्हणून माझे मत असे: तपासणीला 'ऊती-जुळणी तपासणी' म्हणावे, आणि अहवालावरचे 'एचएलए' तसेच राहू द्यावे, कारण डॉक्टर तेच बोलतात. अहवालात 'बी*२७:०५' असे काही दिसेल. त्यात 'बी' हे जनुक, '२७' हा गट, '०५' हे त्या गटातले नेमके प्रथिन. बहीण-भावाचे अहवाल शेजारी ठेवलेत तर ए, बी आणि डीआर या प्रत्येक ओळीत किमान एक नोंद सारखी सापडेल. तीच तुमची निम्मी जुळणी.